परिचारिकेचें शिक्षण आणि त्याचें मोल

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीची, वेदीची, घंटेची आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची हकीकत यावी, हें सर्वथा उचित आहे. परंतु ख्रिस्ती मंडळीचा इतिहास देवळाच्या चार भिंतींच्या आंतच घडतो असें नाहीं. तो आजाऱ्याच्या खाटेशीं, बाळंतिणीच्या खोलींत आणि वस्तीच्या अंधाऱ्या बोळांतही घडत असतो. आपल्या समाजांतील कित्येक घरांत आजी, मावशी किंवा आत्या यांपैकीं एखादी तरी ‘नर्सबाई’ होऊन गेलेली आहे, आणि तिच्या पगारावर धाकट्या भावंडांचीं शिक्षणें व लग्नें झालेलीं आहेत. ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतों कीं, तिचा इतिहास लिहून ठेवावा असें कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं.

आज त्याच घरांतील बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी म्हणते, ‘मला नर्सिंगची पदवी घ्यावयाची आहे, आणि केवळ इस्पितळांत नव्हे, तर लोकांच्या दारीं जाऊन सार्वजनिक आरोग्याचें काम करावयाचें आहे.’ बाप विचारतो, ‘खर्च किती येईल?’ आई विचारते, ‘मुलगी राहणार कोठें?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांचीं उत्तरें घाईनें देणें धोक्याचें आहे. एका चुकीच्या निवडीनें चार वर्षें व घरची पुंजी हीं दोन्हीं वायां जातात.

या बाबतींत इतिहास कांहीं शिकवितो काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ठळकपणें दिसते. परिचारिकेचें शिक्षण खऱ्या अर्थानें फुकट असें कधींच नव्हतें. त्याची किंमत कधीं विद्यार्थिनीनें आपल्या श्रमानें दिली, कधीं मिशननें किंवा दानशूर गृहस्थांनीं दिली, कधीं सरकारनें दिली. आणि अलीकडे ती पुष्कळ ठिकाणीं आईबापांच्या खिशांतून जाते. म्हणून ‘स्वस्त शिक्षण कोणतें?’ असें विचारण्यापूर्वीं ‘याची किंमत कोण देणार, आणि ती कोणत्या रूपानें?’ हें विचारणें अगत्याचें आहे.

घराच्या उंबरठ्यापाशीं

इस्पितळांतील परिचारिका आलेल्या रोग्याची शुश्रूषा करते. सार्वजनिक आरोग्याची परिचारिका रोग घरांत शिरूंच नये म्हणून घरोघर जाते. गर्भवतीची तपासणी, तान्ह्या मुलाचें वजन, वेळेवर लस, पिण्याच्या पाण्याची स्वच्छता, क्षयाच्या रोग्यानें औषध मध्येंच सोडूं नये म्हणून त्याच्या मागें राहणें, हें तिचें नित्याचें काम होय.

या कामाची व्यवस्थित सुरुवात इंग्लंडांत झाली. लिव्हरपूल येथील विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी १८५९ सालीं निवर्तली. तिच्या अखेरच्या दुखण्यांत जिनें शुश्रूषा केली होती, त्याच परिचारिकेस त्यानें गरिबांच्या घरीं जाऊन सेवा करण्यासाठीं स्वखर्चानें नेमलें. पुढें फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या साहाय्यानें या प्रयोगास शिक्षणाची जोड मिळाली. अमेरिकेंत लिलियन वॉल्ड हिनें १८९३ सालीं न्यूयॉर्क शहरांत, परदेशांतून आलेल्या गरीब लोकांच्या वस्तींत, हेंच काम आरंभिलें. आणि ‘पब्लिक हेल्थ नर्स’ हें नांव तिच्यामुळें रूढ झालें. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानांत कधीं आल्या नाहींत. तथापि येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं १८५९ सालीं नेमलेल्या शाही कमिशनच्या कामांत त्यांचा मोठा हात होता. १८६३ सालच्या त्या कमिशनच्या अहवालांतून या देशांतील माणसें तोफेच्या गोळ्यापेक्षां घाण पाण्यानें व सांडपाण्यानें अधिक मरतात, ही गोष्ट राज्यकर्त्यांपुढें आली.

सोलापुरास हें वेगळें सांगावयास नको होतें. १८६० सालीं येथें आगगाडी आली. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत गिरणी उभी राहिली, आणि तिच्या भोंग्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या चाळी भराभर वाढल्या. १८७६ ते १८७८ या सालांतील दुष्काळानें हा जिल्हा होरपळून निघाला. १८९६-९७ सालीं पुन्हां दुष्काळ पडला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. त्या प्लेगांत पुण्यास सावित्रीबाई फुले यांनीं आपले दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. परिचारिकेचें कोणतेंही प्रमाणपत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. परंतु रोग्याकडे कोणीं जावें, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं स्वतः जाऊन दिलें.

सुईण, डफरीन फंड आणि पहिल्या शाळा

त्या काळीं बाळंतपण म्हणजे घरांतील काळोखी खोली आणि वंशपरंपरेनें आलेली सुईण, असा प्रकार होता. पडद्यांतील व सोवळ्यांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यासही तयार नसत. या अडचणीवर उपाय म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या सूचनेवरून, तेव्हांच्या व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनीं १८८५ सालीं एक निधि उभारला. स्त्री-डॉक्टर, परिचारिका व शिकलेल्या सुइणी तयार करणें, हा त्याचा हेतु होता. सोलापूरचा डफरीन चौक आजही तें नांव वागवीत उभा आहे. आणि येथील जुन्या लोकांच्या तोंडीं ‘डफरीन’ म्हणजे बाळंतपणाचा दवाखाना, असेंच समीकरण आहे.

मुंबईस १८८६ सालीं स्त्रियांसाठीं कामा हॉस्पिटल सुरू झालें. तेथील इंग्रज स्त्री-डॉक्टर एडिथ पेची यांनीं परिचारिकांच्या शिक्षणास चालना दिली. जे.जे. हॉस्पिटलांतही याच सुमारास परिचारिकांची शाळा निघाली, आणि १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत या हिंदी स्त्रीनें तेथें शिक्षणासाठीं नांव घातलें. परिचर्येच्या इतिहासांत या देशांतील पहिली प्रशिक्षित हिंदी परिचारिका म्हणून तिचें नांव घेतलें जातें. १९०३ सालीं लेडी कर्झन यांच्या प्रयत्नानें परंपरागत सुइणींना शिकविण्यासाठीं आणखी एक निधि निघाला. आणि १९१८ सालीं दिल्लीस घरोघर जाणाऱ्या ‘हेल्थ व्हिजिटर’ स्त्रियांसाठीं स्वतंत्र शाळा स्थापन झाली. हीच आपल्या देशांतील सार्वजनिक आरोग्य-परिचर्येच्या शिक्षणाची पहिली पायरी म्हणतां येईल.

श्रमानें फेडलेली फी

या जुन्या शाळांत शिकण्यास मुलीला फी पडत नसे. उलट राहण्याची जागा, जेवण, गणवेष आणि हातखर्चापुरतें थोडें विद्यावेतन तिला मिळे. गरीब घरच्या मुलीस याहून चांगलें काय हवें, असें आज वाटेल. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती मुलगी पहाटेपासून वॉर्डांत राबे, रात्रपाळ्या करी, आणि इस्पितळाचा बराचसा कारभार या शिकाऊ मुलींच्या हातांवर चाले. व्याख्यानें व्हावयाचीं तीं दिवसभराचें काम आटोपल्यावर, डोळे मिटूं लागलेले असतां. म्हणजे फी होतीच. ती पैशानें न देतां घामानें दिली जात होती.

शिवाय समाजाचा बोल लागे तो निराळाच. परक्याचे मलमूत्र काढणें हें काम वरच्या म्हणविणाऱ्या जातींतील घरांना हीन वाटे. हा पूर्वग्रह मोडण्याचा मान पुण्याच्या सेवासदनाकडे मोठ्या अंशानें जातो. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं निघालेल्या या संस्थेनें विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून हॉस्पिटलांत परिचर्येच्या शिक्षणासाठीं पाठविलें, आणि त्यांच्यासाठीं वसतिगृहाची सोय केली. त्याच सेवासदनाची शाखा पुढें सोलापुरांतही निघाली. येथें लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, सेवासदनानें केवळ शिक्षणाचा खर्च दिला नाहीं; मुलगी सुरक्षितपणें राहील कोठें, याचीही तजवीज केली. आईचा तो दुसरा प्रश्न रमाबाईंना ठाऊक होता.

दक्षिण महाराष्ट्रांतील मुलींना दुसरा आधार मिरजेचा. डॉ. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टरांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें, आणि त्याच्या जोडीस परिचारिकांची शाळाही उभी राहिली. १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग पंढरपुराहून मिरजेपर्यंत पोंचला, आणि कुर्डुवाडीस गाडी बदलून मिरज गांठणें सोलापूर जिल्ह्यांतील मुलींस शक्य झालें.

या पेशांत ख्रिस्ती मुलींचा भरणा किती होता, याची कल्पना आज येणें कठीण आहे. १९४० च्या सुमारास देशांतील दहा परिचारिकांपैकीं नऊ ख्रिस्ती असाव्यात, असा अंदाज केला जात असे. आणि त्यांतील बहुतेकांचें शिक्षण मिशनच्या इस्पितळांत झालेलें होतें. त्यास सेवाभाव हें एक कारण होतें, आणि गरिबी हें दुसरें. जेथें शिकतां शिकतां पोटाला मिळेल, असें दुसरें शिक्षण गरीब मुलीस त्या काळीं फारसें उपलब्ध नव्हतें.

रोमचा निर्णय

कॅथलिक वाचकांस या इतिहासांतील एक प्रकरण विशेष जिव्हाळ्याचें वाटेल. व्रतस्थ भगिनी रोग्यांची शुश्रूषा पूर्वापार करीत आल्या. परंतु वैद्यकी करण्यास आणि विशेषतः बाळंतपणें करण्यास त्यांना ख्रिस्तसभेच्या नियमांची व रूढीची आडकाठी होती. याचा परिणाम असा होई कीं, जेथें आईचा व मुलाचा जीव सर्वांत अधिक धोक्यांत, नेमकें तेथेंच भगिनींना मागें थांबावें लागे.

स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन यांना ही उणीव जाणवली. वयाच्या साठीनंतर कॅथलिक धर्म स्वीकारलेल्या या बाईंनीं रावळपिंडीस स्त्रियांच्या रुग्णालयासाठीं खटपट केली, आणि हा निर्बंध दूर व्हावा म्हणून रोमकडे पुनःपुन्हां विनंत्या केल्या. १९१३ सालीं त्या वारल्या. त्यांच्या हयातींत निर्णय झाला नाहीं. त्यांच्या प्रेरणेनें वैद्यकीचें शिक्षण घेतलेल्या ऑस्ट्रियन युवती डॉ. ॲना डेंगेल १९२० सालीं रावळपिंडीस आल्या, आणि १९२५ सालीं त्यांनीं अमेरिकेंत मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापिला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें. त्यानें व्रतस्थ भगिनींना वैद्यकी, परिचर्या व प्रसूतिविद्या यांचें रीतसर शिक्षण घेऊन तें काम करण्याची मोकळीक दिली. नव्हे, मिशनच्या देशांत त्यांनीं तें शिक्षण घ्यावें, असा आग्रह धरला. केवळ सद्‌भाव पुरेसा नाहीं, त्याला प्रमाणित शिक्षणाची जोड हवी, हा त्या आज्ञापत्राचा मथितार्थ होय.

याच सुमारास गुंटूर येथें ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सिस्टर डॉ. मेरी ग्लोरी रोमच्या खास परवानगीनें १९२० पासून काम करीत होत्या. त्यांनीं स्थानिक मुलींना परिचारिका व सुइणी म्हणून तयार केलें, आणि १९४३ सालीं देशांतील कॅथलिक रुग्णालयांचा संघ स्थापन करण्यांत पुढाकार घेतला.

नाशिकच्या सुपुत्राचा अहवाल आणि पदवीचा जन्म

१९३५ सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुइणी व हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. यापुढें कोणींही पांढरा झगा घालून आपणांस नर्स म्हणवावें, ही स्थिति पालटूं लागली. नोंदणी म्हणजे समाजाला दिलेली हमी. आणि ती पुढें निवडीच्या वेळीं फार महत्त्वाची ठरते.

दुसरें महायुद्ध चालूं असतांना, १९४३ सालीं, हिंदुस्थान सरकारनें देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिक येथें जन्मलेले, पुण्यास शिकलेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ होते. या समितीनें १९४६ सालीं सादर केलेला अहवाल आजही आपल्या सार्वजनिक आरोग्य-व्यवस्थेचा पाया मानला जातो. त्यांतील आंकडे विषण्ण करणारे आहेत. सुमारें तीस कोटि लोकवस्तीस परिचारिका अवघ्या ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागें एक. सुइणी ५,०००, म्हणजे ६०,००० माणसांमागें एक. आणि घरोघर जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर केवळ ७५०, म्हणजे चार लाख माणसांमागें एक! परिचारिकांचे कामाचे तास, राहण्याची दुरवस्था व अपुरा पगार यांवरही समितीनें स्पष्ट बोट ठेवलें, आणि उच्च दर्जाच्या शिक्षणाची व सार्वजनिक आरोग्य-परिचारिकांची शिफारस केली.

त्याच १९४६ सालीं दिल्लीचें नर्सिंग कॉलेज आणि वेल्लोरचें ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या दोन ठिकाणीं बी.एस्‌सी. नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईस १९६४ सालीं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघालें, आणि पदवीचें दार मराठी मुलींना घराजवळ आलें.

हा बदल मोठा होता. परिचारिका ही आतां शिकाऊ कामकरीण न राहतां विद्यार्थिनी झाली. तिला ग्रंथालय, प्रयोगशाळा व अध्यापक मिळाले. परंतु त्याबरोबरच फीही आली. जी किंमत पूर्वीं श्रमानें दिली जात होती, ती हळूहळू पैशाच्या रूपानें मागितली जाऊं लागली. आणि खाजगी महाविद्यालयांची संख्या वाढली तशी ही मागणीही वाढली.

आपल्या जिल्ह्याभोंवतीं

या विद्येचें सोलापुराशीं असलेलें एक नातें सहसा कोणाच्या ध्यानांत नसतें. येथील भैय्या चौकाजवळच्या घरांत वाढलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच कामीं आले, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नी को चिंगलान या परिचारिका होत्या, आणि रणभूमीजवळच्या वैद्यकीय शाळेंत परिचर्या शिकवीत होत्या, हें मात्र थोड्यांना माहीत असतें. डॉक्टराच्या पराक्रमाच्या पाठीशीं बहुधा अशीच एक शिक्षित परिचारिका उभी असते.

स्वातंत्र्यानंतर १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र यांचें जाळें खेडोपाडीं पसरलें. मैदानी मुलखांत सुमारें ५,००० वस्तीमागें एक उपकेंद्र, आणि तेथें नर्सबाई, अशी योजना झाली. सोलापुरास १९६३ सालीं डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, आणि शहराच्या मोठ्या सरकारी इस्पितळास अध्यापनाचा दर्जा आला.

शेजारच्या जामखेडास १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या ख्रिस्ती दांपत्यानें जें काम उभारलें, तें तर जगानें पाहिलें. खेड्यांतील निरक्षर, पुष्कळदां दलित अशा स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका बनविलें. त्यांना शिकविणारा व पाठबळ देणारा दुवा परिचारिकाच होत्या. या दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आपल्याच जिल्ह्यांतील बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानें १९८७ सालीं ग्रामीण भागांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचें काम हातीं घेतलें. त्याच रुग्णालयाच्या सहभागानें उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला, आणि त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. एकदांच केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीनेंही या रोगाचे मृत्यु कमी होतात, हें या खेड्यांतील बायकांच्या सहकार्यानें जगाला कळलें. सार्वजनिक आरोग्याचें काम हें दुय्यम दर्जाचें काम आहे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं सोलापूरच्या चाळीस-पन्नास कोसांच्या परिसरांतच नजर टाकावी.

निवड करतांना

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रथम हें समजून घ्यावें कीं, आपल्या देशांत बारावीनंतर ‘सार्वजनिक आरोग्य-परिचर्या’ अशी वेगळी पदवी सहसा नसते. चार वर्षांची बी.एस्‌सी. नर्सिंग हीच मूळ पदवी. समाजआरोग्य व प्रसूतिविद्या हे विषय तिच्यांतच येतात. त्या विषयांत पुढें प्राविण्य मिळवावयाचें तर एम.एस्‌सी. करतांना समाजआरोग्य-परिचर्या ही शाखा घ्यावी. यास्तव एखाद्या आकर्षक नांवास भुलूं नये. प्रवेशास बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात, आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

दुसरी गोष्ट मान्यतेची. महाविद्यालय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न आहे काय, आणि परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादींत त्याचें नांव त्या वर्षीं आहे काय, हें स्वतः पाहावें. कोणाच्या शब्दावर विसंबूं नये. विजापूर, गुलबर्गा किंवा बंगलोर येथें जावयाचें असेल, तर तेथील पदवीवर महाराष्ट्रांत नोंदणी कशी होते, याची चौकशी आधीं करावी. १९३५ सालच्या कायद्यापासून तत्त्व एकच आहे: जिची नोंदणी होत नाहीं, ती नर्स नव्हे. नोंदणी न होणारें शिक्षण कितीही स्वस्त असलें, तरी तें सर्वांत महाग होय.

तिसरी गोष्ट इस्पितळाची व खेड्याची. पदवी महाविद्यालयास स्वतःचें किमान १०० खाटांचें रुग्णालय असावें, असा परिषदेचा दंडक आहे. त्या खाटांवर खरोखर रोगी आहेत काय? विद्यार्थिनींना कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व कोणत्या वस्तींत नेतात? किती बाळंतपणें त्या प्रत्यक्ष पाहतात व करतात? हे प्रश्न शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारावे. जिला सार्वजनिक आरोग्याचें काम करावयाचें आहे, तिनें रिकाम्या इस्पितळांतील चकचकीत इमारतीपेक्षां गर्दीच्या सरकारी दवाखान्याची जोड असलेलें महाविद्यालय पसंत करावें.

चौथी गोष्ट पैशाची. सरकारी महाविद्यालयाची फी सर्वांत कमी, म्हणून गुणवत्तेनें तेथें जागा मिळविण्याचा यत्न प्रथम करावा. खाजगी महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यान्वयें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. ठरलेली फी पाहून मगच मागितलेल्या रकमेशीं ताडून घ्यावी. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें महत्त्वाचा निर्णय केला. आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शासन भरतें. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेंतून झालेला असावा लागतो; व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. कित्येक पालक घाईनें कोट्यांतील जागा पैसे भरून घेतात आणि हक्काची सवलत गमावून बसतात. उत्पन्नाचा व जातीचा दाखला परीक्षेच्या आधींच काढून ठेवणें, यांत खरी काटकसर आहे.

फी माफ झाली म्हणजे खर्च संपला असें नाहीं. वसतिगृह, खानावळ, गणवेष, पुस्तकें, खेड्यांत जाण्यायेण्याचा प्रवास व विद्यापीठाची नोंदणी, या सर्वांची चार वर्षांची बेरीज कागदावर मांडावी. दोन महाविद्यालयांची तुलना पहिल्या वर्षाच्या फीवरून न करतां या बेरजेवरून करावी.

ज्या घराला ही बेरीज झेपत नाहीं, त्याला आणखी दोन वाटा आहेत. एक वाट पायरीपायरीची: तीन वर्षांचा जी.एन.एम. पदविका अभ्यासक्रम करून नोकरी धरावी, आणि मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्‌सी. करून पदवी मिळवावी. वेळ अधिक लागतो, पण मध्यें घरांत पगार येतो. दुसरी वाट सैन्याची: पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजांत निवडलेल्या मुलींचें शिक्षण, राहणें व जेवण सरकार पाहतें, आणि त्याबद्दल सैनिकी परिचर्या सेवेंत काम करण्याचा करार करावा लागतो. कोणत्याही संस्थेच्या ‘फुकट’ शिक्षणास असा करार असेल, तर तो सही करण्यापूर्वीं शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा: किती वर्षें, कोठें, आणि सोडल्यास किती रक्कम. करार वाईट नव्हे. न वाचलेला करार वाईट.

शिक्षणानंतर काय, हेंही पाहावें. २०१८ पासून उपकेंद्रांचें रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊं लागलें, आणि तेथें समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंगच्या पदवीधरांसाठींही जागा निघाल्या. भोर समितीनें जिची वाट पाहिली, ती उंबरठ्यापाशीं येणारी सुशिक्षित परिचारिका आतां शासनाच्या योजनेंत आली आहे.

उपसंहार

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्यानें जखमा बांधल्या, एवढेंच आपल्या ध्यानांत राहतें. पण त्यानें धर्मशाळेच्या मालकास दोन दीनार मोजून दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना देईन, असेंही सांगितलें. सेवेचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो, हें त्या गोष्टींतच सांगून ठेवलेलें आहे.

रॅथबोननें तो खर्च उचलला, सेवासदनानें उचलला, मिशनच्या इस्पितळांनीं उचलला, आणि आपल्या आज्या-मावश्यांनीं तो स्वतःच्या रात्रपाळ्यांनीं फेडला. आज फीचा मोठा भाग शासन भरूं लागलें आहे. उरतो तो वसतिगृहाचा, पुस्तकांचा व प्रवासाचा. ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या धर्मग्रामानें एक लहानसा निधि काढावा, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. दर वर्षीं एका मुलीस, मग ती कोणत्याही गल्लींतली असो, हा वरकड खर्च बिनव्याजी द्यावा, आणि नोकरी लागल्यावर तिनें तो पुढच्या मुलीसाठीं परत करावा. एखादे अनुभवी निवृत्त शिक्षक व एखादी सेवानिवृत्त नर्सबाई यांनीं जून महिन्यांत दोन रविवार मिस्सेनंतर बसून पालकांना दाखले, मान्यता व करार यांची माहिती द्यावी. यास फार पैसा लागत नाहीं. थोडी आस्था लागते.

घंटा पुढेंही वाजत राहील. तिच्या नादाबरोबर आपल्या मंडळींतील एखादी मुलगी पिशवी खांद्याला लावून कुणाच्या तरी दारीं वेळेवर पोंचली, तर या ज्युबिलीचें सार्थक झालें असें म्हणतां येईल. परमेश्वर अशा मुलींच्या पावलांस बळ देवो.